पद्मिनीचं जड स्टिअरिंग

आमच्या घरी 1986 सालची प्रीमियर पद्मिनी आहे, आजोबांनी नंबर लावून घेतलेली. वर्षभरात तिचं स्टिअरिंग इतकं जड झालं की बाबांनी ती बाहेर काढणंच सोडलं. "माझ्याच हातात आता जोर राहिला नाही," म्हणायला लागले. एका गॅरेजवाल्याने स्टिअरिंग बॉक्स बदलायला सांगितला, दुसऱ्याने सरळ गाडी विकायला. म्हटलं, आधी ही गाडी बनली कशी ते तरी बघू.

तर मंडळी, पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट 1100. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला तिथे अमेरिकेच्या क्रायसलरच्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या जायच्या. गंमत बघा, याच क्रायसलरने 1951 मध्ये इंपीरियल गाडीत पॉवर स्टिअरिंग बाजारात आणलं. आपल्या वाट्याला आली फियाट. 1964 ला 'डिलाइट', 1974 ला 'पद्मिनी'. नावं बदलत गेली, सांगाडा पन्नाशीच्या दशकातलाच राहिला.

त्या काळच्या गाड्यांची पुढची चाकं किंगपिनवर वळतात. किंगपिन म्हणजे जाड पोलादी खिळा, बुशमध्ये फिरणारा. त्याला ग्रीस निपल असतं आणि ग्रीस भरायचं काम मालकाचं! आजोबांच्या पिढीत दर दोन-तीन महिन्यांनी गाडी 'ग्रीसिंगला' जायची. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, रॅक-पिनियन आणि सीलबंद सांधे घेऊन. ग्रीसगन हळूहळू विसरली गेली. माझ्या मते पद्मिनी जड नाही, आपली सवय मोडली.

असो. जॅक लावला, खाली स्टँड ठेवले (नुसत्या जॅकवर हात घालू नका, प्लीज). चाकं हवेत असूनही स्टिअरिंग जडच, म्हणजे दोष टायरच्या हवेचा नाही. मग टाय रॉड सोडवले. स्टिअरिंग एकदम मोकळं फिरलं! म्हणजे बॉक्स निर्दोष. एकेक चाक हाताने वळवून पाहिलं तर डावं हलायलाच तयार नाही. निपल जुन्या ग्रीसने दगडासारखं बुजलेलं. शेजारच्या गल्लीतले मेकॅनिक काका वाकून बघत म्हणाले, "भाऊ, ग्रीस तर जातच नाही राहिलं ना आत!"

निपल बदललं, रॉकेल सोडून रात्रभर ठेवलं आणि काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत गन मारली. मात्र बॉक्समध्ये ग्रीस नाही, 90 नंबरचं गिअर ऑइलच घालायचं. गळती थांबावी म्हणून तिथे ग्रीस कोंबणारे पुष्कळ भेटतात.

बाबा सीताबर्डीपर्यंत एकटे जाऊन आले. हातांना काही झालेलं नव्हतं.

डाव्या किंगपिनचे बुश मात्र झिजलेत, ते बदलावे लागतील. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, त्यामुळे सुट्या भागांना गिऱ्हाईक आता आमच्यासारखेच. मिळाले की दोन सेट घेऊन ठेवणार आहे.