रस्त्याचा राखणदार

गाव वाढले की गुन्हे वाढतात, हा समज सर्वत्र रूढ आहे. गाव लहान होते तेव्हा दाराला कुलूप लागत नसे. शहर झाले आणि खून-दरोड्यांना ऊत आला, असे वडीलधारी मंडळी सांगत असतात. इंदूरचा इतिहास तपासू गेल्यास मात्र निराळेच चित्र दिसते. हे नगर लहान असताना त्याच्या भोवतालची वाट अधिक सुरक्षित होती, असे म्हणण्यास फारसा आधार सापडत नाही.

खान व सरस्वती या नद्यांच्या काठी वसलेले इंदूर हे वाटेवरचे गाव. दक्षिणेकडून नर्मदा ओलांडून उत्तरेस जाणारे तांडे, यात्रेकरू आणि फौजा या भागातून जात. जेथे वाट तेथे वाटमारी, हे ओघानेच आले. नर्मदेलगतच्या डोंगरांत राहणारे भिल्ल प्रवाशांस लुटीत, आणि व्यापारी सशस्त्र सोबतीवाचून बाहेर पडत नसत.

देवी अहिल्याबाईंनी 1767 ते 1795 या काळात महेश्वराहून कारभार पाहिला. भिल्लांच्या बाबतीत सौम्य उपाय थकले, तेव्हा त्यांनी काही म्होरक्यांना कठोर शासन केले; परंतु तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. डोंगरातून जाणाऱ्या मालावर अल्पसा कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. ‘भीलकवडी’ ती हीच. पडीक जमीनही त्यांना कसण्यास दिली. त्याच्या मोबदल्यात वाटेची राखण करणे आणि आपल्या हद्दीत चोरी झाल्यास मुद्देमाल परत मिळवून देणे, ही जबाबदारी भिल्लांवर टाकली. ज्याच्या भयाने वाट ओस पडे, तोच वाटेचा राखणदार झाला. इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने माळव्यावरील आपल्या ग्रंथात ही हकीकत गौरवाने नोंदविली आहे.

ही घडी पुढे फार काळ टिकली नाही. 1801 च्या ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने होळकरांचा पराभव केला आणि सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटले. नगराच्या इतिहासातील हा भीषण प्रसंग कोणा दरोडेखोराने नव्हे, एका सरदाराच्या सैन्याने घडविला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यानंतर पेंढाऱ्यांचा सुळसुळाट झाला. पेंढारी म्हणजे बहुधा पगाराविना फौजेमागे फिरणारा स्वार. लूट हेच त्याचे वेतन. राज्याने ज्याच्या पोटाची सोय केली नाही, त्याने ती रयतेच्या घरातून करून घेतली.

या काळाचा हिशेब माल्कमच्या आकड्यांत सापडतो. 1817 साली होळकरांच्या 3,701 गावांपैकी 1,663 गावे ओसाड होती. अशा गावांना फारसीत ‘बेचिराग’, म्हणजे दिवा न लागणारी, म्हणत. मराठीतला ‘बेचिराख’ हा शब्द त्यातूनच आला. महिदपूरच्या लढाईनंतर 6 जानेवारी 1818 रोजी मंदसोरचा तह झाला आणि इंदूर ही राजधानी ठरली. पुढील तीन वर्षांत त्यांपैकी 1,120 गावांत पुन्हा दिवे लागले. पेंढाऱ्यांचा एक पुढारी करीमखान याला गोरखपूरकडे जमीन मिळाली व तो तेथे स्थायिक झाला. दुसरा पुढारी चितू रानोमाळ भटकत राहिला आणि 1819 मध्ये वाघाच्या तोंडी पडला. पुनर्वसन आणि पाठलाग हे दोन्ही मार्ग त्या वेळी एकदम चालू होते.

पुढे दुसऱ्या मार्गाकडेच सत्तेचा कल झुकला. 1871 च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात संपूर्ण जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची सोय झाली. पाळण्यातले मूलही संशयित ठरू लागले. हा कायदा स्वतंत्र भारतात 1952 मध्ये रद्द झाला. परंतु लोकांच्या मनावरचा शिक्का त्याबरोबर पुसला गेला नाही.

गुन्ह्याला जात नसते, याचा दाखला तर इंदूरच्या राजवाड्यानेच दिला. 12 जानेवारी 1925 रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. मारेकरी आले होते ते दरबार सोडून गेलेल्या मुमताज बेगमला पळवून नेण्यासाठी. दोषी ठरलेल्यांत इंदूरच्या पोलिस व लष्करी सेवेतील माणसे होती. महाराज तुकोजीराव तिसरे यांच्यावर खटला झाला नाही. पण चौकशी की पदत्याग असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यांनी 1926 मध्ये गादी सोडली. राखण करण्यासाठी ज्यांच्या हाती शस्त्र दिले, त्यांच्यावर राखण कोणाची, हा प्रश्न या खटल्याने जगासमोर आणला.

दरम्यान कापडगिरण्यांनी इंदूरचे रूप पालटले. 1951 मध्ये 3 लक्षांच्या घरात असलेली वस्ती 2011 पर्यंत 19 लक्षांवर गेली. एवढ्या वस्तीत गुन्ह्यांची संख्या वाढणारच. परंतु संख्या आणि प्रमाण यांत भेद आहे. 1992 साली देशात दर लक्ष लोकांमागे सुमारे साडेचार खून होत. 2022 साली हे प्रमाण दोनच्या आसपास आले. याच तीस वर्षांत भारतातील शहरे झपाट्याने वाढली. तेव्हा गर्दी हीच हिंसेची जननी, हे म्हणणे टिकत नाही.

9 डिसेंबर 2021 पासून इंदुरात पोलिस आयुक्त पद्धती सुरू झाली. मोठ्या नगरास मोठी यंत्रणा हवी, हे खरेच. पण 1960 मध्ये चंबळच्या खोऱ्यात विनोबांपुढे वीस दरोडेखोरांनी शस्त्रे ठेवली, ती यंत्रणेच्या धाकापेक्षा माणूस म्हणून मिळालेल्या हाकेमुळे. चौकी, गस्त आणि कायदा यांनी गुन्हेगार सापडतो. गुन्हा कमी होतो तो नव्याने आलेल्या, हातावर पोट असलेल्या माणसाला नगर आपले वाटू लागते तेव्हा. भीलकवडीची रक्कम कवडीमोलच होती. तिने विकत घेतलेली शांतता मात्र तशी नव्हती.