धुराची वाट

 

आज आम्ही बोलणार आहोत धुराच्या वाटेबद्दल. धुराबद्दल पुष्कळ बोलून झालंय. डोळे चुरचुरतात, खोकला धरतो, दम लागतो, हे चुलीपुढे बसलेल्या बाईला कुणी सांगायला नको. पण तो धूर घरातून बाहेर कुठून जायचा, ती वाट कुणी ठेवली, कधी बुजली आणि ती साफ कुणी करायची, याचाही इतिहास आहे. पुस्तकात तो थोडाच सापडतो. बराचसा आपल्या डोक्यावरच्या छपरात आहे.

आपल्या जिल्ह्यातली जुनी घरं धाब्याची. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर काटक्यांचा थर आणि वर पांढरी माती. चिखली-मेहकरकडे जा नाहीतर खाली जळगाव जामोद-संग्रामपूरकडे, अशी काही घरं अजून उभी आहेत. अशा घरात चुलीच्या वरच्या बाजूला धाब्यात एक भोक ठेवलेलं असायचं. त्याला सानं म्हणतात, कुठे सवणंही म्हणतात. त्यातून उजेड खाली यायचा आणि धूर वर जायचा. पाऊस आला की कुणीतरी धाब्यावर धावायचं आणि सान्यावर पत्र्याचा तुकडा नाहीतर फुटक्या माठाचं बूड पालथं घालायचं. मग पाऊस उघडेपर्यंत धूर घरातच.

सान्याची एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. त्याची देखभाल कुणाला आठवणीनं वेगळी करावी लागत नसे. मृगाच्या आधी धाब्यावर नवी माती टाकायचीच असायची, नाही टाकली तर घर गळायचं. त्या निमित्तानं घरातले पुरुष वर चढायचेच, आणि चढले की सान्याचा काठही सारखा करून यायचे. धुराची वाट घराच्या गळतीला बांधलेली होती. गळती घरातल्या सगळ्यांना लागते. धूर मात्र चुलीपुढे बसणारीलाच लागतो. पुढं जे झालं ते कळायला ही गोष्ट ध्यानात ठेवा.

सान्यातून सगळा धूर जायचा असंही नाही बरं का. त्या घरांच्या तुळया काळ्याकुट्ट, हात लावला तर चिकट. धुरानं लाकडाला कीड लागत नाही असं जुनी माणसं कौतुकानं सांगत. तुळईची काळजी होती ती अशी.

मग पत्रे आले. पत्र्याचं घर लवकर उभं राहतं, दरवर्षी माती वाहायची दगदग नाही. पुरुषांची पाठ सुटली हे खरंच आहे, आम्ही ते नाकारत नाही. पण पत्र्याला भोक कोण पाडणार? पाडलं की गळणार. म्हणून सानं गेलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. भिंत आणि पत्रा यांच्यामधली फट एवढीच काय ती धुराची वाट उरली. घर सुधारलं आणि स्वयंपाकाची जागा बिघडली, अशी ही उलटी गंमत.

धुराला नळीतून बाहेर काढावं हा विचार काही परका नाही. तो आपल्या विदर्भातही मुरलेला आहे. वर्ध्याला मगनवाडीत १९३४ सालापासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चालायचं, जे. सी. कुमारप्पा ते पाहायचे. तेलघाणी, कागद, मधमाश्या यांच्या जोडीला चुलीचाही विचार तिथं झाला. तिथली ती ‘मगनचूल’. साधी मातीची, एका जाळावर एकाहून जास्त भांडी शिजतील अशी, आणि मागं धुराडं असलेली. मगनवाडी हे नाव गांधीजींचे पुतणे मगनलाल गांधी यांच्यावरून पडलेलं, चुलीलाही तेच नाव मिळालं. दुसरीकडे हैदराबादच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल तयार केली आणि १९५३ साली त्यावर पुस्तिका छापली. त्या वेळी देऊळगाव राजाची हद्द ओलांडून जालन्याकडे गेलं की हैदराबाद राज्यच लागायचं. म्हणजे ज्ञान दोन्ही बाजूंनी आपल्या शेजारी येऊन ठेपलं होतं.

घराघरात ती चूल जायला मात्र तीस वर्षं लागली. डिसेंबर १९८३ मध्ये केंद्र सरकारनं प्रात्यक्षिकं सुरू केली आणि १९८५ पासून राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम देशभर चालला. आपण तिला निर्धूर चूल म्हणायचो. जंगलं तुटतायत, लाकूड वाचलं पाहिजे, ही सरकारची मोठी काळजी होती. बाईच्या छातीचा विचार बराच मागून आला. कॅलिफोर्नियाचे शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी भारतातल्या सहकाऱ्यांसोबत १९८१ साली गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर लहान मापयंत्रं लावून त्यांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं. त्याआधी अशी मोजणी जवळपास झालेलीच नव्हती. शहरातल्या गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर मोजत होते, चुलीपुढचा नाही.

२००२ साली केंद्राचा कार्यक्रम संपला तोवर देशात तीन कोटींहून जास्त चुली बांधल्याची नोंद झाली. इंदिरा आवासच्या घरकुलातही निर्धूर चूल धरलेली होती. पुढच्या नियमावलीत तर असं लिहिलं होतं की संडास बांधला नाही तर अनुदानातून ६०० रुपये कापायचे आणि निर्धूर चूल बांधली नाही तर १०० रुपये. चुलीची किंमत १०० रुपये. आम्ही हा आकडा मुद्दाम सांगतोय, कारण मोजणी कशाची होत होती ते त्यातून दिसतं. चूल बांधली की नाही, एवढंच. ती दोन वर्षांनी कशी आहे, तिचा पाइप भरलाय का, टोपी जागेवर आहे का, यासाठी रकाना नव्हता.

आता ती चूल आतून कशी असते ते जरा बघू. पुढं जाळ, त्यावर पहिलं भांडं. जाळाची धग मातीच्या बोगद्यातून मागच्या भांड्याकडे जाते, आपल्या जुन्या वैलासारखीच. तिथून धूर पाइपात शिरतो आणि छपरावर जातो. त्याला कुणी ढकलत नाही. गरम हवा हलकी म्हणून वर चढते आणि चढताना मागचा धूर ओढते. पाइप छपरापेक्षा उंच हवा, नाहीतर वारा धूर परत खाली लोटतो. वर टोपी हवी, नाहीतर पावसाचं पाणी थेट चुलीत. आणि दोन्ही भोकांवर भांडी नीट बसलेली हवीत. एक भोक उघडं राहिलं की पाइप गार हवा ओढतो आणि धूर घरातच रेंगाळतो.

आपला स्वयंपाक ज्वारीच्या भाकरीचा. तवा मोठा, त्याला जाळ पसरलेला लागतो, आणि भाकर शेवटी जाळापुढे शेकायची असते. चुलीची ठरलेल्या मापाची भोकं त्याला पुरायची नाहीत, म्हणून बायांनी ती खुरप्यानं मोठी केली. लगेच कडेनं धूर यायला लागला. यात बायांची चूक काढणाऱ्यांनी आधी भाकर थापून पाहावी. पुढं पुण्याच्या ‘आरती’सारख्या संस्थांनी साच्यातून काढता येणाऱ्या चुली केल्या, कुंभारांना त्या शिकवल्या. ती चांगली वाट होती, पण तोवर पुष्कळ पाइप थंड पडले होते.

पाइप थंड पडतो तो काजळीनं. आपल्याकडचं जळण म्हणजे पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या, पावसाळ्यात ओली बाभूळ. ओल्या जळणाचा धूर पाइपात गार होतो आणि आतून डांबरासारखा थर धरतो. चार इंचांचा पाइप बघता बघता दोन इंचांचा होतो. ज्यांच्या लेकी-सुना अमेरिकेत आहेत त्यांना हे दुसऱ्या रूपात माहीत असेल. तिथं कपडे वाळवायचं यंत्र असतं, त्याची गरम हवा भिंतीतून बाहेर काढायला मागे नळी असते. त्या नळीत कपड्यांचा कापूस साचतो. तो काढला नाही तर कपडे वाळत नाहीत, आणि पुढं आगही लागते. तिथल्या अग्निशमन खात्याच्या म्हणण्यानुसार अशा आगींचं पहिलं कारण साफसफाई न करणं हेच आहे. यंत्र कितीही महाग असो, मागची नळी दिसत नाही म्हणून विसरली जाते.

साफसफाईनं खरंच किती फरक पडतो याचे दोन दाखले आहेत, दोन्ही मोजून पाहिलेले.

ओडिशात ४४ गावांतल्या अडीच हजारांवर घरांत एका संस्थेनं धुराड्याच्या मातीच्या चुली दिल्या आणि एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना या अर्थशास्त्रज्ञांनी चार वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बायांच्या श्वासातला धूर कमी झाला. पुढं तो फायदा राहिलाच नाही. चुली फुटल्या, नीट वापरल्या गेल्या नाहीत, डागडुजी झाली नाही. छातीच्या दुखण्यात काही फरक दिसला नाही. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात, डोंगरातल्या मक्याच्या भाकरी करणाऱ्या बायांच्या पाचशेवर घरांत, कर्क स्मिथ यांच्याच गटानं असा प्रयोग केला. निम्म्या घरांना धुराड्याची चूल दिली. तिथं दर आठवड्याला माणूस येऊन चूल बघायचा, मोडली असेल तर दुरुस्त करून घ्यायचा. त्या घरांत बाळांच्या अंगातला धूर साधारण निम्मा झाला आणि न्यूमोनियाचे गंभीर आजार तिसऱ्या हिश्श्यानं घटले. तिथली चूल पक्की होती, पाइप पत्र्याचा होता, हा फरकही धरायला हवा. पण आमच्या मते मोठा फरक आठवड्याला येणाऱ्या त्या माणसाचा.

मग आपल्याकडे ते काम कुणाचं होतं? नावापुरतं बाईचं. चूल तिची, म्हणून पाइपही तिचा. पण साफ करायला छपरावर चढावं लागतं. नव्या सुनेनं दिवसाढवळ्या पत्र्यावर चढलेलं किती घरांना चालतं? पाइप फुटला तर नवा आणायला बाजारात जायचं, पैसे घरधन्याकडे. बसवायला गवंडी हवा, तो बारक्या कामाला येत नाही. सान्याच्या वेळी गळतीच्या निमित्तानं माणूस वर चढायचा. पाइपाच्या वेळी ते निमित्तच संपलं. काजळीनं घर गळत नाही.

चंडीगडजवळच्या नाडा गावात १९८०च्या सुमारास मधु सरीन या वास्तुरचनाकार बाईंनी हे ओळखलं होतं. त्यांनी गावच्या बायांना सोबत घेऊन चूल घडवली आणि बायांनाच चूलमिस्त्री केलं. जिनं स्वतः माती कालवून बोगदा केला, तिला तो कुठं तुंबतो ते हातानं कळतं. तिला बोलावणंही सोपं, ती शेजारचीच.

आता कुणी म्हणेल, २०१६ पासून उज्ज्वला आली, गॅस आला, जुन्या चुलीचं पुराण कशाला? गॅस आला, चांगलंच झालं. पण सिलिंडर भरून आणायला पैसे लागतात. चहा-भाजी गॅसवर, भाकर आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, असं आपल्या किती घरांत चालतं ते आपल्यालाच ठाऊक. आणि आता घर स्लॅबचं. त्याला ना सानं, ना फट.

म्हणून ज्यांच्या घरी चूल पेटते त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. दोन्ही भांडी ठेवूनही चुलीच्या तोंडातून धूर येत असेल तर पाइप भरलाय असं समजा. चूल पूर्ण थंड झाल्यावर टोपी काढा. दोरीच्या मध्यावर गोणपाटाचा घट्ट बोळा आणि टोकाला दगड बांधून दोरी वरून सोडा, एकीनं वरून धरायची, एकीनं खालून ओढायची. तोंडाला पदर बांधा. चूल रोज पेटत असेल तर महिन्यातून एकदा हे व्हावं, पावसाळ्यात त्याहून लवकर.

जुना पाइप सिमेंटचा असेल तर सांभाळून. त्यातल्या पुष्कळ पाइपांत अॅस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ छातीत गेली तर बऱ्याच वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. तो हातोड्यानं फोडू नका, करवतीनं कापू नका. ओला करून अख्खा उतरवा आणि तुकडे पोरांच्या हाती लागू देऊ नका. नवा पाइप गॅल्व्हनाइज पत्र्याचा घ्या, आतला व्यास जुन्याहून कमी नको. पत्र्यातून जातो तिथं वरून पत्र्याचीच कॉलर बसवून घ्या, तिची वरची कड छपराच्या वरच्या पत्र्याखाली सरकवायची, म्हणजे पाणी वरून वाहून जातं. गवताचं छप्पर असेल तर पाइपाभोवती वीतभर जागा सोडून मातीचा गोल करा, गवत पाइपाला टेकता कामा नये.

आणि छपरावर चढायचं काम आपल्या बचत गटात दोघीतिघींनी शिकून घ्यायला हरकत नाही. शिडी गटाची, दोरी गटाची, घरटी ठरलेले पैसे. हिशोबाच्या वहीत त्याला एक रकाना करा आणि मृगाच्या आधी पहिली फेरी काढा.