टॉवर कुणाचा, सिम कुणाचं?

(चोरखमारा, ता. तिरोडा, जि. गोंदिया इथल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सभा सुरू व्हायच्या आधी इथल्या एका काकांनी आम्हाला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. त्यांचा पुतण्या इंग्लंडला असतो. तो सांगतो, तिकडं स्वस्तातल्या मोबाइल कंपन्या मिळतात. त्यांचा स्वतःचा एकही टॉवर नसतो, मोठ्या कंपनीच्या टॉवरवर त्यांचं सिम चालतं, आणि पैसे कमी पडतात. काका म्हणाले, "सर, मग आपल्याकडं असं का नाही? आम्हीच का मोठ्यांचा रिचार्ज मारत बसायचं?"

आजचा विषय खरं तर 'महाराष्ट्रातल्या दळणवळणाचा इतिहास' असा लांबरुंद ठेवला होता. पण काकांच्या प्रश्नातच तो इतिहास बसतो, म्हणून आपण तिथूनच जाऊ.

आधी खिशातला फोन आठवा. तलावाच्या पलीकडं, नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूला गेलं की कधी कधी वरच्या कोपऱ्यातल्या दांड्या जातात आणि अक्षरं येतात: 'फक्त आणीबाणीचे कॉल'. आपण म्हणतो, रेंज गेली. पण रेंज अगदीच नसती तर फोननं 'सेवा नाही' असं सांगितलं असतं. आणीबाणीचे कॉल म्हणजे साधारण असं, की दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचा टॉवर तुमच्या फोनपर्यंत पोहोचतोय. तुमचा फोन त्याला ओळखतो, तोही तुमच्या फोनला ओळखतो, पण ११२ सोडून बाकी काही करायला परवानगी नाही. टॉवर आहे, लहरी आहेत, नाही तो फक्त करार. आजचं सगळं बोलणं त्या करारावर आहे.

दुसऱ्याच्या तारेवर धंदा करणं ही नवी गोष्ट नाही. तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना पिवळ्या पाटीचं एसटीडी-पीसीओ आठवत असेल. तिरोड्याच्या बसस्टँडवर, गोंदियाला स्टेशनबाहेर. त्या दुकानदाराची स्वतःची तार कुठं होती? तार सरकारी दूरसंचार खात्याची, यंत्र टेबलावर, आणि मालकाला कमिशन. फक्त दर ठरवणं त्याच्या हातात नव्हतं. मिनिटाचे आकडे लाल अक्षरांत पळायचे आणि आपण घाईघाईनं "बरं आहे, ठेवतो" म्हणायचो.

मग मोबाइल आला. ३१ जुलै १९९५ ला कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन लावला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल धरतात. मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर, आणि आलेल्या कॉलचेही पैसे! देशाचे सर्कल पाडले. मुंबई वेगळी, आणि उरलेला महाराष्ट्र नि गोवा मिळून एक सर्कल. आपण या दुसऱ्यात. बालाघाट मात्र मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या सर्कलमध्ये. म्हणजे गोंदियाहून नदी ओलांडून सोयरीक भेटायला गेलं की रोमिंग लागायचं. पुण्याला फोन केला तर आपल्याच सर्कलमध्ये, आणि पलीकडच्या काठावरचा मामा परका. ही हद्द कागदावर आखणाऱ्याला आमच्याकडच्या सोयरिकी ठाऊक नव्हत्या, दुसरं काय.

आपल्या सर्कलमध्ये सुरुवातीला दोन खासगी कंपन्या होत्या, बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल. पहिलीची पुढं आयडिया झाली. दुसरी हचकडे गेली आणि हचची व्होडाफोन झाली. २०१८ मध्ये व्होडाफोन नि आयडिया एक झाल्या. म्हणजे दोन दुकानांनी सुरू झालेला बाजार, आणि आज ती दोन्ही दुकानं एकाच पाटीखाली.

आता इंग्लंड. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून १ मे १९९९ ला वेगळा झाला, हे तुम्हाला पाठच आहे. त्याच वर्षी तिकडं व्हर्जिन मोबाइल निघाली. टॉवर वन-टू-वन नावाच्या कंपनीचे. व्हर्जिननं मिनिटं ठोकीनं घेतली, किरकोळीनं विकली. ठोक भाव कमी, किरकोळ भाव चढा, मधल्या फरकात धंदा. मोठ्या कंपनीलाही बरं, कारण टॉवर तर उभाच आहे, रिकामा ठेवण्यापेक्षा भाडं आलेलं चांगलं. पुढं तिकडं गिफगॅफ, लेबारा, लायका अशा कितीतरी झाल्या. अमेरिकेत मिंट झाली, ती पुढं ज्या टी-मोबाइलच्या जाळ्यावर चालायची तिनंच विकत घेतली. काकांचा पुतण्या सांगतो ते खरं आहे.

आपल्याकडं हीच व्हर्जिन मार्च २००८ मध्ये आली. टाटा टेलिसर्व्हिसेसच्या जाळ्यावर. पण आपल्या कायद्यात अशा भाडेकरू कंपनीला परवानाच नव्हता. म्हणून कागदावर ती कंपनी नव्हेच, नुसता ब्रँड. सेवा टाटांची, नाव व्हर्जिनचं. त्यांनी एक गंमत केली होती: कॉल आला तर मिनिटाला १० पैसे तुमच्या खात्यात जमा. पोरांना फार आवडली ती कल्पना! पण जाहिरात वेगळी आणि धंदा वेगळा. काही वर्षांत व्हर्जिन टाटा डोकोमोत विरली, आणि टाटांचा मोबाइल धंदा एअरटेलकडे गेला.

का चालली नाही? आमचं मत सांगतो. २००९ मध्ये टाटा डोकोमोनं सेकंदावर बिल सुरू केलं आणि सगळ्यांना तसं करावं लागलं. एकेका सर्कलमध्ये दहा-दहा, बारा-बारा परवाने वाटलेले. युनिनॉरसारख्या नव्या कंपन्या स्वस्ताईच्याच नावावर आल्या, स्वतःचा परवाना घेऊन. त्यातले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयानं २ फेब्रुवारी २०१२ ला रद्द केले, ती गोष्ट वेगळी. मुद्दा असा की किरकोळ भावच इतका खाली आला की ठोक आणि किरकोळ यांच्यात फट उरली नाही. धान्याचा भाव मिल आणि दुकानात सारखाच असेल तर मधल्या व्यापाऱ्यानं खायचं काय?

आणि पुढं फट पुन्हा रुंदावली, तेव्हा दार बंद होतं. हे जरा सावकाश सांगतो.

ट्रायनं २००८ मध्येच शिफारस केली होती की भाडेकरू कंपन्यांना रीतसर परवाना द्या. सरकारनं नियम काढले ३१ मे २०१६ ला. आठ वर्षं! नियमात नाव 'व्हर्च्युअल नेटवर्क ऑपरेटर'. पण टॉवरवाल्या कंपनीनं जाळं भाड्यानं द्यायलाच हवं, अशी सक्ती त्यात नाही. दोघांनी आपसात ठरवायचं. आणि तीनच महिन्यांनी, ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ आली. आता फुकट वाटणाऱ्याच्या शेजारी भाड्याचं दुकान कोण मांडणार? २०१८ मध्ये तमिळनाडूत एअरोव्हॉइस नावाची कंपनी बीएसएनएलच्या जाळ्यावर सुरू झाली. ती काही महाराष्ट्रापर्यंत पसरली नाही.

सक्तीचा फरक किती पडतो, हे आपल्याच राज्यात दिसलं, पण विजेत. तिरोड्याचं वीज केंद्र तुम्ही रोज बघता, तेव्हा वीज आणि तार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मुंबईच्या उपनगरांत तारा रिलायन्सच्या होत्या आणि टाटांची वीज स्वस्त होती. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की टाटांना किरकोळ ग्राहकाला वीज विकता येते. २००९ मध्ये वीज नियामक आयोगानं रीत घालून दिली: तार रिलायन्सचीच राहील, वीज टाटांची घ्या. घरात कुणी खिळा ठोकला नाही, फक्त बिल बदललं. लाखो लोक तिकडं गेले. मोबाइलमध्ये काकांना जे हवंय, नेमकं तेच. तारवाल्याला नाही म्हणता आलं नाही, म्हणून ते झालं. पण पुढचंही ऐका. तारेचं भाडं होतंच, मग २०११ पासून वर अधिभार लागला, आणि स्वस्ताईतला बराच भाग त्यात गेला. ज्याची तार, तो आपला वाटा घेतोच.

मोबाइलमध्ये एका कंपनीचं गिऱ्हाईक दुसरीच्या जाळ्यावर चालायचं, असं झालं ते कंपन्यांच्या सोयीनं. २०१६ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सचा फोरजी जिओच्या जाळ्यावर चालायचा. पुढच्याच वर्षी तिनं मोबाइलवरचं बोलणं बंद केलं, २०१८ मध्ये एअरसेल बुडाली, आणि लोकांना नंबर घेऊन दुसरीकडं पळावं लागलं. देशभर नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय २० जानेवारी २०११ पासून होती म्हणून बरं. नाहीतर बँकेत, गॅसला, रेशनला दिलेला नंबरच गेला असता. स्वस्त कंपनी निवडताना दराइतकीच ही भीती मोजा.

जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. ओटीपीपुरता बटणांचा फोन ठेवणाऱ्या आजीलाही नेटचे पैसे मोजायला लागायचे. त्यावर उपाय आला तो भाडेकरू कंपनीकडून नाही. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायनं नियम केला की फक्त बोलणं आणि एसएमएस असा पॅक ठेवावाच लागेल, आणि जानेवारीत कंपन्यांनी ते आणले. दुकानदार तो स्वतःहून दाखवतोच असं नाही. नावानं मागा.

आणि जंगलाच्या कडेच्या गावांसाठी त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट झाली. सरकारच्या डिजिटल भारत निधीतून, म्हणजे सार्वजनिक पैशातून, उभ्या राहिलेल्या टॉवरवर बीएसएनएल, जिओ, एअरटेल यांच्यापैकी कुणाचंही सिम फोरजी पकडेल, असं १७ जानेवारी २०२५ ला जाहीर झालं. देशभरात असे सुमारे २७ हजार टॉवर. ज्या टॉवरला लोकांचा पैसा लागला, तिथं 'नाही' म्हणायची सोय ठेवली नाही. खासगी पैशाच्या टॉवरवर अजून आहे.

प्रश्न: मग आमच्या गावात सिम कोणतं घ्यायचं, ते सांगा ना.

उत्तर: ते आम्ही नागपूरहून येऊन सांगणं बरोबर नाही. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडायचं बंद करा, फोन शोधाशोध करेल आणि तिथं पोहोचणाऱ्या कंपन्यांची नावं दाखवेल. हे घरात करा, धुऱ्यावर करा, तलावाच्या पाळीवर करा. रात्री कुणाला साप चावला तर जिथून फोन करावा लागेल, तिथं करा. तीन ठिकाणी जे नाव सारखं दिसेल ते पहिलं सिम. काम झालं की निवड परत आपोआपवर टाका, नाहीतर उद्या रेंज नाही म्हणून आम्हाला शिव्या द्याल. कंपन्यांनी आपापले नकाशेही वेबसाइटवर टाकलेत, १ एप्रिल २०२५ पासून ते बंधनकारक आहे, पण नकाशावर सागाचं झाड आडवं येत नाही.

प्रश्न: आणि दुसरं सिम?

उत्तर: दुसरं, ज्यावर बँकेचा नंबर आहे ते. त्याला स्वस्तातला बोलण्याचा पॅक, आणि वैधता संपायची तारीख घरातल्या कॅलेंडरवर. पुतण्याचा फोन आला तर काकांनी त्याला सांगावं, तिकडची कंपनी कुणाच्या टॉवरवर चालते ते एकदा विचारून ठेव.