रॉममधली आज्ञावली आणि मतदान यंत्र

निवडणुकीच्या कामाला गेलेल्या शिक्षकांना ‘क्लिअर’ ही कळ माहीत असते. चाचणी मतदानानंतर ती दाबली की मते पुसली जातात. यंत्राची आज्ञावली मात्र जागची हलत नाही. कारण मते पुसता येणाऱ्या स्मृतीत असतात आणि आज्ञावली एकदाच लिहिता येणाऱ्या रॉममध्ये.

हे यंत्र प्रथम वापरले गेले ते मे १९८२ मध्ये, केरळातील परूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर. कायद्यात तरतूद नसल्याने १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान अवैध ठरवले. १९८८ अखेर कायदा बदलला. २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व ५४३ मतदारसंघांत यंत्रे आली. गोंदिया जिल्हा तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता.

अशा चिपांसाठी आज्ञावली आता बहुधा ‘सी’ भाषेत लिहितात. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या या भाषेमागे मोठा संगणक उभा होता: आज्ञावली रॅममध्ये आणणे, चलांना सुरुवातीच्या किमती देणे ही कामे त्याची. छोट्या चिपमध्ये असा मदतनीस नसतो. बदलणारे चल रॅममध्येच हवे, पण वीज गेली की रॅम कोरी. म्हणून सुरुवातीची किंमत रॉममध्ये जपतात आणि मुख्य आज्ञावलीच्या आधी धावणारा छोटा तुकडा ती रॅममध्ये उतरवतो. पुस्तकातले गणित रोज सकाळी फळ्यावर उतरवावे तसे. एकाच चलाला दोन पत्ते द्यावे लागतात, जपण्याचा आणि वापरण्याचा. हा तुकडा विसरला तरी चाचणीच्या टेबलावर आज्ञावली सुरळीत चालू शकते, कारण तिथे सारे थेट रॅममध्ये भरलेले असते. रॉममध्ये गेल्यावर ती अडते. मग चिप फेकण्यावाचून इलाज नाही. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणाने अशा आधाराविना चालणाऱ्या सी आज्ञावलीला अधिकृत जागा दिली, हे मला त्या प्रमाणाचे मोठे काम वाटते.

बदलता न येणे ही हमी खरी, पण अर्धीच. २०१० मध्ये हरी प्रसाद, हॅल्डरमन आणि खाँग्रिप यांनी भारतीय यंत्र उघडून दाखवले की आतली आज्ञावली वाचून पडताळता येत नाही, आणि यंत्राचे भाग बदलता येतात. आयोगाने या आक्षेपांशी सहमती दर्शवली नाही. मताची कागदी चिठ्ठी २०१३ मध्ये नागालँडमधील नोकसेन येथे प्रथम वापरात आली. २८ मे २०१८ च्या भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणुकीत यंत्रे बंद पडल्याच्या तक्रारी आल्या, आणि ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान झाले. बंद पडलेले यंत्र निदान दिसते. रॉममध्ये नेमके काय आहे, हे केंद्रावर बसून कोणालाच दिसत नाही.