चित्रपटाची पारख आणि पेण-रोह्याचा प्रेक्षक

बाजारांतून नारळ आणावयाचा असला तर तो कानाशीं हलवून पाहतात, मडकें बोटानें वाजवून पाहतात, आणि पेणचा पापड घेणारें गिऱ्हाईकहि पुडा उलटसुलट केल्यावांचून पैसे मोजीत नाहीं. चित्रपटाचें तिकीट ही मात्र अशी विलक्षण वस्तु आहे कीं, तिचें मोल आधीं द्यावें लागतें आणि माल कसा आहे तें अंधारांत दोन-तीन तास बसल्यानंतर कळतें. न आवडल्यास तो परतहि करतां येत नाहीं. त्यामुळें चित्रपट जन्मास आल्यापासून प्रेक्षक दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दावर विसंबत आला आहे. हा शब्द देणारा कोण, तो कितपत विश्वासाचा, आणि तो कानीं पडण्यास किती काळ लागतो, या गोष्टी गेल्या सव्वाशें वर्षांत पुष्कळच पालटल्या. हा पालट मुंबईपेक्षां पेण आणि रोहें यांसारख्या लहान गांवांतून अधिक स्पष्ट दिसतो.

आरंभीं असा शब्द देणारा तिऱ्हाईत कोणी नव्हताच. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं, तेव्हां वर्तमानपत्रांतील जाहिरातीनें त्यांस शतकांतील आश्चर्य म्हटलें होतें; आणि विकणाऱ्याच्याच तोंडून निघालेली ती स्तुति लोकांनीं मानली, कारण दुसरें मत उपलब्ध नव्हतें. दादासाहेब फाळके यांनीं ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आणला, त्याच्या आधीं २१ एप्रिल रोजीं ऑलिंपिया थिएटरांत निवडक मंडळींना तो दाखविला होता. प्रथम जाणत्यांस दाखवावें, त्यांच्या मुखानें कीर्ति पसरावी आणि मग दारें उघडावीं, ही युक्ति आजच्या निर्मात्यांची नव्हे. ती आपल्याकडील पहिल्या चित्रपटाइतकी जुनी आहे. पुढें सुरतेस गर्दी होईना. दोन आण्यांत सहा तास नाटक पाहणाऱ्या लोकांना दीड तासाचें चित्र महाग वाटूं लागलें. तेव्हां फाळक्यांनीं सत्तावन्न हजार छायाचित्रांचा आणि दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात केली, असें सांगतात. चित्र चांगलें आहे असें त्यांत कोठेंच म्हटलेलें नाहीं. तें लांब आहे एवढेंच म्हटलें आहे. गिऱ्हाइकाची नाडी या माणसास बरोबर सांपडली होती.

आतां पेण-रोह्याकडे वळूं. त्या काळीं हा मुलूख कुलाबा जिल्ह्यांत होता. रायगड हें नांव जिल्ह्यास १९८१ सालीं मिळालें. मुंबईहून पेणकडे येणारा उतारू बोटीनें धरमतरपर्यंत येई आणि तेथून पुढें खुष्कीनें जाई. रोह्याचा उतारू कुंडलिकेच्या कांठीं पोंचेपर्यंत अर्धाअधिक दिवस मोडे. आगगाडी रोह्यापर्यंत आली ती १९८० नंतर. मुंबईचें चित्र अशा ठिकाणीं पोंचतां पोंचतां महिने लोटत, कधीं वर्षेंहि जात, आणि येई तेव्हां त्याच्या फिती अनेक यंत्रांतून फिरून ओरखडलेल्या असत. परंतु चित्रपटाच्या कितीतरी आधीं त्याची वार्ता येऊन पोंचलेली असे. गणपतीस आणि शिमग्यास येणारा चाकरमानी ट्रंकेबरोबर ती घेऊन येई. गिरणींत किंवा पेढींत राबणारा हा मनुष्य ओटीवर बसून चित्रांतील कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत, गाण्यांसह सांगे; आणि ती ऐकूनहि लोक पुढें तेंच चित्र पाहावयास जात, किंबहुना ती ऐकली म्हणूनच जात. आज गोष्टीचा शेवट आधीं फोडणें हा मोठा अपराध समजतात. त्या ओटीवर बसणाऱ्यांस हरिश्चंद्राचा शेवट जन्मापासून ठाऊक होता.

या रीतीचें मर्म असें कीं, सांगणारा ओळखीचा असे. तो कोणाचा मुलगा, कितपत फुगवून बोलतो, त्यास तमाशा आवडतो कीं कीर्तन, हें सारें ऐकणाऱ्यास माहीत असे आणि त्या मानानें त्याच्या शब्दांतून वजावाट करतां येई. शिवाय फसवणूक झाली तर पुढल्या शिमग्यास तो तेथेंच भेटे.

छापील परीक्षणाचा अंमल बसला तो बोलपटांबरोबर. १९३२ सालीं प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'नें मराठी बोलपटांचें युग सुरू केलें, आणि १९३५ सालीं बाबूराव पटेल यांनीं 'फिल्मइंडिया' हें इंग्रजी मासिक काढलें. बाबूरावांची लेखणी जहाल. त्यांच्या एका परिच्छेदानें निर्माते हवालदिल होत आणि त्यांच्या प्रश्नोत्तरांच्या पानासाठीं वाचक अंकाची वाट पाहत. मात्र हे गृहस्थ स्वतःहि चित्रपट काढीत. 'द्रौपदी' (१९४४) आणि 'ग्वालन' (१९४६) हीं त्यांचींच चित्रें असून दोहोंत त्यांच्या पत्नी सुशीलाराणी यांनीं काम केलें होतें. वजन करणारा आणि माल विकणारा एकच झाला म्हणजे तराजूकडे कोणी पाहावें, हा प्रश्न तेव्हांपासूनचा आहे. पैसे घेऊन लिहिलेल्या परीक्षणांची आजची तक्रार ऐकून ज्यांना हें नवें कलियुग वाटतें, त्यांनीं ते जुने अंक चाळावे.

परंतु इंग्रजी मासिक वाचणारे कुलाबा जिल्ह्यांत किती ? कोणी वकील, कोणी मामलेदार, कोणी वाचनालयाचे चिटणीस. सामान्य जनांस त्यांचें मत ओघळून मिळे, आणि कित्येकदां त्याची गरजहि पडत नसे. दामले आणि फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'चें (१९३६) उदाहरण घ्यावें. मुंबईच्या सेंट्रल सिनेमांत हें चित्र वर्षाहून अधिक काळ चाललें. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत जगांतील निवडक चित्रांत त्याची गणना झाली. व्हेनिसचा निकाल ऐकून ज्यानें तिकीट काढलें असा शेतकरी क्वचितच सांपडेल. त्यास कोणीतरी सांगितलें असेल कीं, पडद्यावरचा तुकोबा खरा वाटतो. तेवढें त्यास पुरे झालें. पंडित आणि पांथस्थ यांचा कौल अशा रीतीनें एका ठिकाणीं पडल्याचीं उदाहरणें मात्र फार थोडीं आहेत.

पावसाळा सरून भात कापून झालें कीं, फिरत्या टॉकीजचे तंबू लागत. दोन्ही बाजूंस रंगीत फलक टांगलेली गाडी गांवांतून फिरे, कर्ण्यांतून पुकारा होई, पातळ गुलाबी-पिंवळ्या कागदांचीं हँडबिलें उडत आणि पोरें त्यांमागें धांवत. पुकारणाऱ्याच्या तोंडीं कोणतेंहि चित्र कधींच वाईट नसे. म्हणून शहाणा प्रेक्षक पहिल्या रात्रीं जात नसे. पहिल्या रात्रीचे लोक बाहेर पडतांना त्यांच्या तोंडाकडे पाहावें, दुसऱ्या दिवशीं पाणवठ्यावर आणि न्हाव्याच्या दुकानांत काय बोलतात तें ऐकावें, आणि मग तिसऱ्या रात्रीं पोराबाळांसह जाऊन जमिनीवर बसावें. चित्रास पसंत-नापसंत ठरण्यासाठीं मिळणारी ही दोन-तीन दिवसांची मुदत क्षुल्लक दिसते, परंतु कित्येक चित्रांचें नशीब तिनें पालटलें.

शहरांत ही मुदत आठवड्यांची होती. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजीं लागला तेव्हां आरंभींचीं परीक्षणें प्रतिकूल होतीं आणि व्यापारी तर चित्र पडलें असेंच समजून चालले होते. तथापि चित्रपटगृहांनीं तें उतरविलें नाहीं, तेवढ्या अवधींत लोकांनीं लोकांस सांगितलें, आणि मुंबईच्या मिनर्व्हांत तें पांच वर्षांहून अधिक काळ राहिलें. त्याच वर्षींचा 'जय संतोषी मां' हा अल्प खर्चाचा चित्रपट कोणा परीक्षकानें नव्हे, बायकांनीं बायकांस सांगून चालविला.

पुढें इंटरनेट आलें. १९९० सालीं हौशी मंडळींच्या याद्यांतून इंटरनेट मूव्ही डेटाबेसचा उगम झाला. १९९८ सालीं अनेक परीक्षकांचीं मतें गोळा करून त्यांची टक्केवारी लावणारें रॉटन टोमॅटोज निघालें. त्या वेळीं पेण-रोह्यास या गोष्टींचा गंधहि नव्हता. २००४ सालीं 'श्वास' या मराठी चित्रपटास सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनीं हा मान मराठीकडे आला होता. कोंकणांतील आजोबा आपल्या नातवाचे डोळे वांचविण्यास मुंबईस नेतात ही त्याची कथा. ऑस्करच्या स्पर्धेसाठीं तो अमेरिकेस पाठविण्यास लोकांनीं वर्गणी जमविली. एवढें होण्यास सरकारी शिक्का आधीं पडावा लागला. याउलट २९ एप्रिल २०१६ रोजीं आलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ची कीर्ति मोबाइलमधून गांवोगांवीं गेली आणि कांहीं ठिकाणीं मध्यरात्रीनंतरचे खेळ लावावे लागले. ३० जून २०२३ रोजीं लागलेल्या 'बाईपण भारी देवा'साठीं बायकांनीं नटूनथटून घोळक्यानें चित्रपटगृहें भरलीं. पूर्वींचा पाणवठाच जणूं मोबाइलवरील गटांत येऊन बसला.

येथवर सर्व गोडच आहे. परंतु अंतर नाहींसें झालें तशी मुदतहि नाहींशी झाली. शुक्रवारीं सकाळचा खेळ सुटण्यापूर्वींच मध्यंतरांत बसून कोणी तारे मोजून मोकळा होतो, आणि दहापैकीं पांच गुण पडल्याची बातमी रोह्याच्या बाजारपेठेंत दुपारीं पोंचते. येथील माणसास पनवेल किंवा नवी मुंबईच्या बहुपडदा चित्रपटगृहांत जावयाचें तर तिकिटाशिवाय गाडीभाडें, खाणें आणि अख्खा दिवस खर्च होतो. गिरगांवांतील मनुष्याचा अंदाज चुकला तर दोन तास बुडतात. याचा रविवार बुडतो. तेव्हां तो गुण पाहतो यांत त्याचा दोष नाहीं. मात्र गुण देणाऱ्याची आवडनिवड त्यास ठाऊक नसते, त्यानें चित्र पाहिलें कीं नाहीं हेंहि ठाऊक नसतें. मोठ्या नटाचें चित्र पहिले तीन दिवस आपल्या बळावर तरून जातें. लहान मराठी चित्रपटास मुळांत खेळ थोडे आणि तेहि अवेळीं. दिवसाकाठीं एक तरी खेळ मराठीस मिळावा म्हणून महाराष्ट्र शासनास २०१५ सालीं हात घालावा लागला. असा चित्रपट सोमवारीं उतरतो, आणि ज्याच्या तोंडाकडे पाहून शेजाऱ्यानें जावयाचें तो पहिला प्रेक्षकच गांवांतून गेलेला नसतो.

हा तंटा न्यायालयांपर्यंतहि गेला आहे. ठरवून केलेल्या निंदेविरुद्धची तक्रार २०२३ सालीं केरळच्या उच्च न्यायालयापुढें आली. प्रदर्शनानंतरचे तीन दिवस परीक्षणें बंद असावींत, अशी मागणी तमिळ निर्मात्यांच्या संघटनेनें २०२४ सालीं मद्रास उच्च न्यायालयांत केली. न्यायालयानें ती मानली नाहीं. बोलणाऱ्याचें तोंड बांधणें योग्य नव्हेच. तथापि निर्माते मागत होते ते तीन दिवस तंबूच्या काळीं कोणी न मागतां मिळत होते.

पेणेस आणखी एक पारख चालते, तिचा हिशेब कोणत्याहि टक्केवारींत येत नाहीं. येथील आणि हमरापूर-जोहे भागांतील कारखान्यांतून गणेशमूर्ती देशोदेशीं जातात, आणि लोकांस आवडलेल्या चित्रांची छाया मूर्तीवर पडते. २०१५ सालीं जुलैमध्यें 'बाहुबली' लागला आणि सप्टेंबरांतील चतुर्थीस त्याच्या थाटाचे गणपति बाजारांत आले. जुन्या मंडळींना हा प्रकार रुचत नाहीं, आणि त्यांचें म्हणणें सर्वस्वीं चूक म्हणतां येत नाहीं. पण कारखानदार माती मळण्यापूर्वीं मुंबईच्या व्यापाऱ्यास विचारतो कीं, यंदा लोक काय मागत आहेत. आणि पडलेल्या चित्राच्या रूपाचा गणपति कोणी मागितल्याचें ऐकिवांत नाहीं.