कारवानी नर पैदाशीसाठी द्यावा का?

धाराशिव, लातूर, सोलापूर या पट्ट्यात शिकारी कारवान कुत्रा ‘कारवानी’, तर कान-शेपटीवर लांब केस असलेला ‘पश्मी’ म्हणून ओळखला जातो. घरी देखणा नर असला, की मादीमालकांची विचारणा सुरू होते. मोबदल्यात एक पिल्लू किंवा रोख रक्कम मिळत असल्याने होकारही चटकन दिला जातो.

‘एकदा मेटिंग झाले की नर शांत होतो’ हा समज निराधार आहे. समागमावाचून नराच्या आरोग्याची हानी होत नाही. उलट पुढे भटकणे वाढू शकते. एक अंडकोष पोटातच राहिलेला नर पैदाशीसाठी मुळीच देऊ नये. हा दोष आनुवंशिक असून, अशा अंडकोषात कर्करोगाचा धोका अधिक असतो. भित्रा वा चावरा स्वभावही पिल्लांत उतरू शकतो. दोघांचीही ब्रुसेला तपासणी अगोदर व्हावी. भटक्या मादीशी संबंध आल्यास जननेंद्रियावर संसर्गजन्य गाठी होऊ शकतात. व्हिन्क्रिस्टिनच्या इंजेक्शनांनी त्या बहुधा बऱ्या होतात.

केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार पैदास करून विक्री करणाऱ्यास राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे. मादी १८ महिन्यांहून लहान नसावी. दोन महिन्यांखालील पिल्ले विकता येत नाहीत.

‘जात टिकली पाहिजे’ असे सांगितले जाते. ते खरे, परंतु जात टिकते ती निवडक नरांमुळे, प्रत्येक नरामुळे नव्हे. शिवाय धावण्यासाठी मोकळे रान लागणारी ही पिल्ले सदनिकेत कोण सांभाळणार, हे आधीच ठरलेले हवे. तसे नसल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नसबंदी करून घेणे श्रेयस्कर.