एका खुणेचे दोन अर्थ

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. त्यांनी छापलेल्या मराठ्यांच्या कागदपत्रांचे खंड आता घरबसल्या इंटरनेटवरून उतरवता येतात. माझ्या ओळखीच्या जळगावच्या एका विद्यार्थ्याने लिनक्सवर 'डब्ल्यूगेट'ला पत्ता देऊन बारावा खंड मागवला. आला पहिलाच! पत्त्यात मध्येच & ही खूण होती.

या खुणेचा इतिहास मोठा गमतीचा. १९७१ च्या युनिक्समध्ये तिचा अर्थ होता, 'हे काम मागे चालू दे, पुढची आज्ञा घे.' नव्वदच्या दशकात वेबवाल्यांनी तीच खूण पत्त्यातले तपशील जोडायला घेतली. डब्ल्यूगेट आलं १९९६ मध्ये. पण पत्ता त्याच्या हाती पडण्याआधी शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा कारकून, तो वाचतो आणि जुन्या सवयीने खुणेपाशी तोडतो. खंडाचा क्रमांक नेमका तुटलेल्या भागात गेला होता. फाइल मात्र व्यवस्थित उतरते, म्हणून संशयही येत नाही. संशोधकाला हेच घातक.

विद्यार्थ्याने अख्खा पत्ता एकेरी अवतरणचिन्हांत घातला आणि बारावा खंड आला. दुहेरीतही & शाबूत राहते, पण डॉलरच्या खुणेचा अर्थ शेल तिथेही लावतोच. चिन्हं मात्र सरळ हवीत. छापील मजकुरातली वळणदार चिन्हं शेल ओळखत नाही.